पाच गिगाहर्ट्झ, चौतीस अंश

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ही खोली आहे. दहा बाय दहा. एका भिंतीला कपाट, दुसरीला पलंग, खिडकीशी टेबल. कॅबिनेट मात्र टेबलाखाली कोंबलेलं नाही. प्लायवूडच्या चौरंगावर, भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ठेवलंय. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा मॉनिटरच्या कोपऱ्यातले हिरवे आकडे दाखवतो. ‘काका, आता टेस्ट लावतो आणि एसी बंद करतो. टेम्प्स बघत बसा फक्त.’

एसी बंद होतो तेव्हा भिंतीवरचा थर्मामीटर २६ दाखवत असतो. प्रोसेसर ८४ अंशांवर, वेग पाच गिगाहर्ट्झला अगदी स्थिर. पंधरा-वीस मिनिटांनी खोली ३० वर येते, प्रोसेसर ८८ वर. आणखी थोड्या वेळाने खोली ३४ ला पोचते. माझा सदरा पाठीला चिकटलेला असतो, पंख्यांचा आवाज वाढलेला असतो, आणि ९४-९५ च्या आसपास वेगाचा आकडा हलायला लागतो : ४.९, ४.८५, ४.८. चिप स्वतःला वाचवण्यासाठी मागे सरते आहे. ‘झालं थ्रॉटल सुरू,’ मुलगा म्हणतो. ‘जानेवारीत हेच सेटिंग रात्रभर चालायचं.’

अंकाचा विषय ‘वेग’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला लोकल आठवली नाही, ही मुलं आठवली. मुंबईच्या उपनगरांत, वन बीएचकेच्या एका कोपऱ्यात, स्वतःच्या पैशांतून आणि थोड्या आईवडिलांच्या पैशांतून संगणक जोडणारी, आणि मग कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा तो थोडा जास्त पळवू पाहणारी. त्यांच्या भाषेत ‘ओसी (ओव्हरक्लॉक) मारणं’. हे काम नीट, मशीन न जाळता कसं होतं, ते बघायला मी पश्चिम आणि मध्य रेल्वेवर हिंडलो. या शहरात ओव्हरक्लॉकिंगची मर्यादा चिपच्या आधी खोली ठरवते, हे मला त्या पहिल्याच दुपारी दिसलं, आणि पुढे जे जे पाहिलं त्याने ते पक्कंच होत गेलं.

कारखान्याने सोडलेली जागा

प्रोसेसरवर छापलेला वेग म्हणजे कंपनीने दिलेली हमी. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर मजेत पळतात, काहींना तोच वेग गाठायला जास्त व्होल्टेज लागतं. कंपनी त्यांना तपासून वर्गवारी करते आणि प्रत्येक वर्गातल्या सर्वात कमजोर चिपलाही झेपेल असा आकडा छापते. तुमच्या हाती चांगली चिप आली, तर छापील आकडा आणि तिची खरी ताकद यांत थोडी जागा उरते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती जागा वापरणं.

ही जागा कधी काळी प्रचंड असायची. ऑगस्ट १९९८मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला. त्याचा गुणक ४.५ ला बांधलेला होता आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, गुणाकार ३००. बोर्डावर बस १०० ला नेली की तोच स्वस्त प्रोसेसर ४५० ला चालायचा, म्हणजे सरळ दीडपट. २००० च्या सुमारास एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉन चिपांवरचे तोडलेले सांधे साध्या पेन्सिलीच्या शिशाने जोडून लोक त्यांचा गुणक मोकळा करत. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ज्यांनी त्या काळात सुटे भाग घेतले, ते आज पन्नाशीला आलेत. त्यांतले एक मुलुंडला भेटले. जंपर हलवताना हात कसा थरथरायचा, हे ते आजही करून दाखवतात.

आता तेवढी जागा उरलेली नाही. आजची चिप थंडावा मिळाला की आपणहून वेग वाढवते. कंपनीनेच ओव्हरक्लॉकिंगचा बराचसा भाग आत भरून दिलाय. हाताने करण्यासारखं जे उरतं त्यातून पाच ते दहा टक्के मिळाले, तरी चांगलं म्हणायचं. त्यातही इंटेलची नावाच्या शेवटी ‘के’ असलेली चिप आणि ‘झेड’ मालिकेचा बोर्ड अशी जोडी लागते. दुकानदाराने ‘के’ चिप गळ्यात मारली आणि बोर्ड मात्र ‘बी’ किंवा ‘एच’ मालिकेचा दिला, तर प्रोसेसरचा गुणक हलवता येत नाही आणि ‘के’ साठी मोजलेले जास्तीचे पैसे बहुतांशी वाया जातात. एएमडीच्या बहुतेक रायझन चिपा मोकळ्या असतात आणि ‘बी’ मालिकेचा बोर्डही चालतो; ‘ए’ मालिकेचा नाही. खरेदीला जाण्याआधी एवढं कागदावर लिहून न्यावं.

व्होल्टचा हिशोब

मुलुंडचे हे गृहस्थ नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी ओळखीच्यांना मशीन जोडून देतात. आसपासची पोरं त्यांना ‘दादा’ म्हणतात. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात प्रत्येक मशीनचं एक पान : तारीख, खोलीचं तापमान, व्होल्टेज, वेग, कोणती टेस्ट, किती वेळ, निकाल. एका पानाच्या वर त्यांनी लाल पेनाने एक सूत्र लिहिलंय. चिप खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

त्यांनी मला तिथल्या तिथे गणित करून दाखवलं. समजा, चिप १.२५ व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला चालते. ती पाचवर न्यायला व्होल्टेज १.४० करावं लागलं. वेग वाढला नऊ टक्क्यांहून थोडा कमी. वीज, आणि तेवढीच उष्णता, वाढली सुमारे छत्तीस टक्के. ‘नऊ टक्क्यांसाठी छत्तीस टक्के मोजायचे का, एवढंच विचारतो मी पोरांना,’ दादा म्हणाले. मग त्यांनी उलटं गणित मांडलं. वेग ४.६ च ठेवला आणि व्होल्टेज १.१५ वर आणलं, चिपला ते झेपलं, तर उष्णता सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरते. थंड झालेली चिप मग आपला वरचा वेग जास्त वेळ धरून ठेवते.

उष्णतेचं एकवेळ निभावून नेता येतं, कारण आकडा हाताबाहेर गेला की चिप स्वतः मंदावते किंवा मशीन बंद करते. जादा व्होल्टेजची खूण मात्र लवकर दिसत नाही. चिपच्या आतले सूक्ष्म मार्ग महिनोन्महिने झिजत जातात, आणि वर्षभर बिनतक्रार चाललेलं सेटिंग एक दिवस गेममधून बाहेर फेकायला लागतं. म्हणून दादांचा नियम : आपल्या नेमक्या चिपसाठी सुरक्षित व्होल्टेज किती, ते आधी शोधा, त्याच्या खालीच राहा, आणि बोर्डावरच्या ‘ऑटो’ला व्होल्टेजच्या बाबतीत मोकळं सोडू नका.

मुलुंडच्या वहीतली रीत

दादांच्या कामाची सुरुवात प्रोसेसरपासून होत नाही. कॅबिनेट उघडून धूळ काढणं, पंख्यांची दिशा बघणं, जुनी थर्मल पेस्ट वाळली असेल तर पुसून नवी लावणं, हे आधी. मग कुठलंही सेटिंग न हलवता अर्धा तास टेस्ट आणि तापमानाची नोंद. मूळ अवस्थेतच जे मशीन नव्वदी गाठतं, त्याला ते हात लावत नाहीत. आधी चांगला कूलर आणायला पाठवतात.

दुसरी पायरी रॅमची, आणि इथे फुकटातलं सर्वात मोठं घबाड असतं. ३२०० लिहिलेली डीडीआर-४ रॅम विकत घेतली, तरी बोर्ड ती सुरुवातीला २१३३ किंवा २४०० अशा जुन्या प्रमाणित वेगानेच चालवतो. बोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हे सेटिंग, किंवा एएमडीच्या डीडीआर-५ बोर्डांवर एक्स्पो, चालू केल्याशिवाय पैसे देऊन घेतलेला वेग मिळत नाही. वर्ष-दोन वर्षं जुन्या किती मशीनांवर हे कधी चालूच केलेलं नव्हतं, ते वही उलटताना पानोपानी दिसतं. तांत्रिकदृष्ट्या हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच. दोन्ही कंपन्या त्याकडे तसंच बघतात आणि वॉरंटीच्या अटींत ते येतं. बिल आणि वॉरंटीची अट वाचूनच पुढे जायचं.

मग प्रोसेसर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रायझन असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोरना उणे दहा द्यायचं, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवायचं, टेस्ट लावायची, टिकलं तर उणे पंधरा. इंटेल असेल तर गुणक एकाने वाढवायचा. सिनेबेंचची टेस्ट दहा मिनिटं पास झाली म्हणजे काम झालं, असं नाही. ओसीसीटी किंवा प्राइम९५ तासभर, रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर, आणि शेवटी रोजचा गेम दोन-तीन संध्याकाळी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए’ या नावाच्या हार्डवेअर-चुका नोंदल्या जात आहेत का, तेही बघायचं. पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नसताना तिथे चुकांची रांग लागलेली असते. एक चूक दिसली तरी एक पायरी खाली.

मशीन सुरूच झालं नाही तर? दादांनी बोर्डावरच्या दोन बारीक पिना दाखवल्या. वीज पूर्ण काढून त्या पिना क्षणभर स्क्रू-ड्रायव्हरने जोडल्या, की बायोस मूळ सेटिंगवर येतं. काही बोर्डांना त्यासाठी मागे बटण असतं. ‘घाबरू नका, पण हे कुठे आहे ते सुरू करायच्या आधी बघून ठेवा. रात्री दोन वाजता शोधायला लागू नये.’

सगळ्यात महत्त्वाची अट त्यांनी अगदी सहज सांगितली, पण मला ती लाखमोलाची वाटते. शेवटची टेस्ट एसी बंद करून, दुपारी, दार लावून घ्यायची. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुतेक एकवीस-तेवीस अंशांच्या खोलीतले असतात. आपली खोली दहा अंशांनी गरम असली, की चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी वर जाते. मे महिन्याच्या दुपारी जे टिकेल तेच आपलं सेटिंग. सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झालेली आहे. असे दिवस विरळा, पण ऑक्टोबरमधली चौतीस-पस्तीसची दमट दुपार तर दरवर्षीचीच.

खोलीत बसलेली पाच माणसं

शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. गेम चालू असताना पाचशे वॉट ओढणारं मशीन म्हणजे त्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी पाच माणसं दार लावून बसल्यासारखं. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. वॉटर कूलिंग लावलं तरी ती खोलीतच येते. पाण्याने फक्त चिपजवळून उचलून पंख्यापर्यंत नेलेली असते.

एक टनाचा एसी म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. तिचा सातवा हिस्सा एकट्या मशीनकडे जातो. विजेच्या बिलाचं गणितही बोरिवलीच्या त्या घरात मुलाच्या आईनेच मांडलं. चारशे वॉट, रोज पाच तास, म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत, त्याच्या पुढे. ज्या घराचा वापर आधीच तीनशेच्या काठावर आहे, तिथे हे साठ युनिट वरच्या टप्प्याच्या दराने मोजले जातात. ‘याने स्पीड वाढवला की माझं बिल वाढतं,’ त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरूनच होतं.

घाटकोपरच्या कॅफेत उलटी वाट

घाटकोपर पश्चिमेला एका गाळ्यात डझनभर मशीनांचा गेमिंग कॅफे आहे. मालकाने सगळ्या ग्राफिक कार्डांचं व्होल्टेज उतरवून ठेवलंय. अंडरव्होल्टिंग. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. त्याने ९०० मिलिव्होल्टचा ठिपका माउसने उचलून हव्या त्या वेगावर नेला, आणि त्याच्या पुढची सगळी रेष सपाट केली. कार्ड आता त्या व्होल्टेजच्या वर जातच नाही. फ्रेम जवळपास तेवढ्याच, पंख्यांचा आवाज निम्म्यावर आल्यासारखा. बारा मशीन आणि प्रत्येकी चारशे वॉट धरले, तर दीड टनाचा जवळजवळ एक अख्खा एसी केवळ मशीन थंड ठेवण्यात जातो; तिथे दर कार्डामागे पन्नास वॉट वाचले तरी महिन्याच्या बिलात दिसतात.

ज्यांना वेग वाढवायचाच आहे, त्यांना हा मालक पॉवर लिमिट आणि कोअर क्लॉक जपून, पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झने वाढवायला सांगतो. कार्डाच्या मेमरीबद्दल त्याने एक बारकावा दाखवला. जीडीडीआर-६एक्स मेमरी चूक ओळखून तोच डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे वेग फार चढवला, तरी पडदा फाटत नाही की मशीन अडकत नाही. फक्त फ्रेम गुपचूप कमी होतात. म्हणून आकडा चढला की कामगिरी खरंच वाढली का, ते प्रत्येक वेळी मोजायचं.

आणि तिथे येणाऱ्या पोरांचा एक नेहमीचा गैरसमज. ओव्हरक्लॉकने फ्रेम वाढतात, पिंग कमी होत नाही. पिंग हा इंटरनेटच्या रस्त्याचा प्रश्न. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवणारेही आहेत. साठला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, एकशे चव्वेचाळीसला ६.९. एवढा फरक कुठलंही व्होल्टेज न वाढवता, सेटिंगमधल्या एका क्लिकवर मिळतो.

कंपन्यांकडूनही सुटलेलं

आपण मुलांना सांभाळून राहायला सांगतो, पण गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांच्या हातूनही व्होल्टेज निसटलं. एप्रिल २०२३मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या, विशेषतः एक्स३डी चिपा जळाल्याची छायाचित्रं जगभरातून आली. मालकांनी फक्त एक्स्पो चालू केलेलं होतं; त्यासरशी काही बोर्ड चिपच्या एसओसी भागाला नको तेवढं व्होल्टेज देत होते. नंतर बायोस अपडेट आले आणि ती मर्यादा १.३ व्होल्टला बांधली गेली.

पुढच्याच वर्षी इंटेल. तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर गेम सुरू होतानाच कोसळायचे, आणि पडद्यावर संदेश यायचा व्हिडिओ मेमरी संपल्याचा. लोक ग्राफिक कार्ड बदलत बसले, दोष प्रोसेसरमध्ये होता. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्याने झिजत होती. ऑगस्ट २०२४मध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड आला आणि इंटेलने या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र झिजलेली चिप अपडेटने भरून येत नाही. या दोन पिढ्यांचं मशीन घरात असेल आणि बायोस २०२४च्या ऑगस्टआधीचा असेल, तर ओव्हरक्लॉकचा विचार बाजूला ठेवून आधी अपडेट करा, तेही यूपीएसवर. अपडेट चालू असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

अंधेरीत कोणी चढवत नाही

वीरा देसाई रोड आणि ओशिवराच्या पट्ट्यात एडिटिंगचे, व्हीएफएक्सचे स्टुडिओ आहेत. गेमिंग मशीनांत दिसणारीच कार्डं आणि तेच प्रोसेसर तिथेही आहेत, पण ओव्हरक्लॉक करायला मनाई. एका स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने कारण दोन वाक्यांत सांगितलं : ‘गेम क्रॅश झाला तर मॅच जाते. रेंडर अठराव्या तासाला पडला तर क्लायंट जातो.’ अस्थिर रॅम फाइल कोसळवतेच असं नाही, ती कधी एखादा बिट बदलून शांतपणे जतन करते. ज्या मशीनवर घरातली एकुलती छायाचित्रं, प्रोजेक्ट किंवा कुणाचा प्रबंध आहे, तिथे बॅकअप घेतल्याशिवाय रॅमला हात लावू नये.

पाऊस, धूळ आणि तिसरी पिन

उपनगरांत पुनर्विकासाची आणि मेट्रोची कामं चालू आहेत, सिमेंटची बारीक धूळ बंद खिडकीतूनही येते. वर्सोवा, जुहूच्या बाजूला खारा वारा. पावसाळ्यात वेगळाच प्रश्न. जुलैत मुंबईचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पंचविसाच्या खाली थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतलं पाणी बसू शकतं. चिपवरचा साधा एअर कूलर किंवा पाण्याचा एआयओ कूलर तिला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. पण एसीच्या झोतात बंद ठेवलेलं मशीन बावीसला गार झालं, एसी बंद केला आणि खिडकी उघडली, तर धातूवर ओल धरते. अशा वेळी तासभर थांबून मगच मशीन सुरू करावं. द्रवरूप नायट्रोजनचे, उणे १९६ अंशांचे विक्रम बघायला छान असतात. आपल्या हवेत घरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी वीज. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदाणी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. कंपनी कोणतीही असो, मीटरच्या आतलं वायरिंग आपलं. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ते त्यामुळे. अनेक घरांत दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच पेलतो. गेमिंग मशीनला तो अपुरा. आणि नाव नसलेला स्वस्त एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावून महागडं कार्ड चढवणं हा तर पैशांचा आणि जिवाचाही खेळ.

दिवाळीची साफसफाई घरोघरी निघालीच आहे. माळ्यावरची भांडी उतरवाल तेव्हा कॅबिनेटही उतरवा. प्लग काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारा, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन दिव्यांच्या माळा लावायला आला, की त्याच्याकडून संगणकाच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. आणि घरातलं पोर वेग वाढवायचा म्हणत असेल, तर त्याला एक वही आणि भिंतीवर लावायला थर्मामीटर घेऊन द्या.